अप्पा पाणी बघतात

आमचे अप्पा बशीतल्या चहातसुद्धा मासा कुठं बसला असता ते सांगतात. मस्करी नाही! चहा बशीत ओततात, बशी जरा हलवतात, फुंकर मारतात आणि बोट दाखवतात, "हितं. ह्या कडंला. बाकी समदं रिकामं." मग सगळा पिऊन टाकतात.

अप्पा म्हणजे माझे घरमालक. पुण्याजवळ नांद्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि आणखी दोघं-तिघं भाड्यानं राहतो, खाली ते एकटेच. त्यांच्या भाताच्या शेतात आता लिफ्टवाली बिल्डिंग उभी राहतेय, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही, किंवा वाटत असलं तरी बोलत नाहीत. बोलतात ते पाण्याबद्दल. परवा टाकी भरून वाहायला लागली, मी मोटर बंद करायला पळालो तर हे जिन्यातच आडवे. "थांब लेका, कुटनं वळतंय बघू दे!" खाली सगळ्या भाडेकरूंच्या चपला तरंगत अंगणात चाललेल्या, आणि अप्पा खूश. "बघ, चपला कशा एका जागी गोळा झाल्या? तितंच मासं आस्तं."

रविवारी आम्ही बाईकवरून ताम्हिणी उतरून खाली समुद्रावर जातो. मी पुढं, अप्पा मागं, त्यांच्या हातात आमच्या दोघांच्या गळाच्या लांब काठ्या आकाशात अँटेनासारख्या. घाटात लोक धबधब्याखाली फोटो काढत असतात, त्यांना हे मागून ओरडून सांगतात, "तितं काय न्हाई, नुसता आवाज हाय!"

पोचायचं ओहोटीला. हे मला आधी कळायचंच नाही. पाणीच नाही तर मासे कुठले? पण अप्पा उघड्या वाळूवर हात मागं बांधून फिरतात, शेत बघायला आल्यासारखे. कुठं लांबट खळगा, कुठं शिंपल्यांचा ढीग, कुठं पाणी जाताना पाडून गेलेली नाळ. "भरतीला ह्यो खळगा भरनार. खानं हितं साठनार. मासं त्येच्या मागनं येनार." मग किनाऱ्यावरचं एखादं सुरूचं झाड खूण म्हणून धरायचं आणि वाळूच्या उंचवट्यावर बसून राहायचं.

पाणी चढायला लागलं की मजा! लाट फुटते तिथं पांढरं, म्हणजे खाली वाळू वर आलेली. आणि दोन पांढऱ्यांच्या मधे एक गप्प काळसर पट्टा, तिथं लाट फुटतच नाही, फेस उलटा आत निघालेला. तिथं खोल. "पांढरं उथळ, काळं खोल. मासा दोन्हीच्या कडंला हुबा. पौडच्या स्टँडवर यष्टीची वाट बघत्यात ना, तसा." डोळे बारीक करून बघत बसलं की मलाही सगळा समुद्र बांध, पाट, पायवाटा असलेला दिसायला लागतो, आणि एखादं ओलं शिवार हळूहळू श्वास घेत झोपलंय असं वाटतं.

हे सगळं अप्पांना सासऱ्यांनी शिकवलं. काकींचं, म्हणजे अप्पांच्या बायकोचं, माहेर तिथलंच. नियमही तेव्हापासूनचा. एक मासा लागला की गळ गुंडाळायचा आणि थेट घरी, कारण काकींना मासा ताजा लागायचा. काकी गेल्या वर्षी गेल्या. नियम आहे तसाच आहे.

पण सांगू का, एवढं पाणी कळणाऱ्या माणसाला मी येतोय तेव्हापासून एकही मासा लागलेला नाही! मला तर नुसती घाई झालेली. एकदा तरी अप्पांच्या हातात मासा, आणि एक फोटो.

परवाच्या रविवारी माझ्या लक्षात आलं. अप्पा गळ टाकत होते पांढऱ्यात. चक्क उथळात. मी माझी काठी घेऊन उठलो आणि काळ्या पट्ट्यात गळ टाकला.

"हिकडं ये. तितं नको."

"का? तुम्हीच तर म्हणता, काळं खोल."

"व्हय, म्हंतो."

"मग?"

अप्पांनी आपला गळ परत पांढऱ्यात टाकला. "तितं लागंल ना रं. मंग निघावं लागंल."

"निघू की."

"घरी जाऊन काय करू? डबेवाला दाराला डबा टांगून जातो. त्यो गार झाल्यावर खाल्ला काय आन् आधी खाल्ला काय."

तेवढ्यात माझी काठी वाकली. लागला! ओढून आणला तर मुडदुशी, हातभर नाही पण चांगली लांब, चांदीची पट्टी जशी. मी ओरडणारच होतो. मागं वळून बघितलं, तर काठी वाकलेली बघून अप्पा उठले होते. लेंग्याची वाळू झटकत होते, पिशवीची घडी घालत होते. घाई नव्हती, पण थांबतही नव्हते.

मी त्यांच्याकडं पाठ केली. आमिषाच्या कोळंबीसकट गिळलेला गळ मुडदुशीच्या तोंडातून सोडवायला जरा वेळ लागला. मग तिला फेसात सोडलं, शेपटी मारून ती काळ्यात गेली.

"काय हुतं?" अप्पांनी विचारलं.

"शेवाळ, अप्पा."

त्यांनी माझ्या रिकाम्या गळाकडं बघितलं. त्यावर शेवाळाचा एक धागा नव्हता. मग माझ्या हातांकडं बघितलं, बोटांना खवले चिकटलेले.

"हां," ते म्हणाले, "ह्या बाजूला शेवाळ लईच."

आणि पिशवी खाली ठेवून, टॉवेलवर थोडे सरकून बसले. "ये, बस हितं. भरती आजून चढायचीय."