शेवटच्या सायकलवरचे गार्डसाहेब

सोनवणे गार्डसाहेबांच्या सायकलच्या कॅरिअरला तारेने बांधलेली एक पिवळी पाटी आहे. तिच्यावर काळ्या रंगात दोनच इंग्रजी अक्षरं : एल. व्ही. आमच्या रिसॉर्टवर उतरलेला दर दुसरा पाहुणा रिसेप्शनवर येऊन मला विचारतो, हे काय, काकांच्या बायकोचं नाव का? मी त्याला काकांकडेच पाठवते. उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकावं.

"लास्ट व्हेइकल," ते सांगतात. "गाडीच्या शेवटच्या डब्याला ही पाटी असती. स्टेशन मास्तर इंजिन बघत नाय, ही बघतो. दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. नाय दिसली, तर डबे मागं कुठंतरी सुटलेत."

एवढं बोलून ते गंभीर चेहऱ्याने शिट्टी पुसायला लागतात. पाहुणा हसावं की नाही या विचारात तसाच उभा राहतो.

आमचं रिसॉर्ट इगतपुरीच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून आहे. मी नाशिकची, द्वारका चौकाजवळ माहेर-सासर दोन्ही. सहा वर्षं इथलं रिसेप्शन सांभाळते आणि आठवड्यातून एकदा घरी जाते. पाहुण्यांसाठी इथे बऱ्याच गोष्टी आहेत, त्यांतली एक माउंटन बाइक ट्रेल. बाइक खऱ्याच डोंगरातल्या, जाड टायरच्या, एकवीस गिअरच्या. वाट मात्र अशी, की तिच्यावरून आमच्या मावशी दोन्ही हातांत चहाच्या किटल्या घेऊन बोलत बोलत जातात. चार किलोमीटर, पाण्याच्या कडेकडेने. कापलेल्या भाताची खाचरं, थोडी आंब्याची झाडं, ओढ्यावरची एक मोरी आणि एक चढ. त्या चढाचा जाहिरातीत थरारक म्हणून उल्लेख आहे. गावात त्याला नाव नाही, कारण तो चढ आहे हे गावाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

या वाटेसाठी माणूस हवा होता, तेव्हा सोनवणे आले. तीस-पस्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड, नुकतेच निवृत्त, इगतपुरीत स्वतःचं घर. मॅनेजरने विचारलं, सायकल चालवता येते ना? साहेब म्हणाले, "ब्रेक मारता येतो." मॅनेजरला वाटलं विनोद केला. दोन दिवसांत कळलं की ती त्यांची पात्रता होती.

सगळ्या जगात सायकलफेरीचा म्होरक्या पुढे असतो. हे सगळ्यात मागे. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, गळ्यात शिट्टी, हँडलला हिरवं आणि लाल निशाण. सुटण्याआधी ते सगळ्यांना ओळीत उभं करून 'कॉशन ऑर्डर' वाचून दाखवत, म्हणजे वाटेत कुठे जपायचं त्याची यादी. "मोरीवर बारीक खडी, वेग पायी चालल्यासारखा. आंब्याखाली मुंग्या, थांबायचं नाय. म्हैस आली तर म्हशीला पहिला मान." मग एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने हजर म्हणायचं, मग शिट्टी. परत येताना फाटकाच्या पन्नास पावलं अलीकडे सगळ्यांना थांबवत. पुढे रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही.

"का थांबलोय?" पाहुणे विचारायचे.

"स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला हाय आपण. आत घ्यायचा सिग्नल नाय मिळाला."

"कोण देणार सिग्नल?"

मग ते स्वतःच सायकल स्टँडला लावून पुढे जात, फाटक उघडत, हिरवं निशाण दाखवत, आणि परत येऊन शेवटच्या जागी बसत.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ आले होते. मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. त्यांना वेग हवा होता. साहेबांनी दोनदा लाल निशाण दाखवून त्यांना थांबवलं. ते चिडले. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, पुढं तळं हाय. ते कुठं पळून चाललंय?" चार किलोमीटरला दीड तास. मॅनेजर कपाळाला हात लावायचा. पण त्याच गृहस्थांनी जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, आयुष्यातली सगळ्यात संथ सायकलफेरी, आणि पुढे पूर्ण गुण दिले.

साहेब स्वतःबद्दल बोलत नसत. डबा स्वतःच्या हातचा, पोळी नकाशासारखी. एकदा मी विचारलं, घरी कोण कोण असतं हो?

"कोण असणार? घर असतं," ते म्हणाले.

पुन्हा मी विचारलं नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी पस्तिशीच्या आतबाहेरची एक बाई मुलीला घेऊन आली. पुण्याची. फॉर्मवर नाव लिहिलं, मीनल. आडनाव ओळखीचं नव्हतं. मुलगी सात वर्षांची, सई. खोलीची किल्ली घेताना बाई म्हणाली, "सायकलचं बघणारे सोनवणे म्हणून कुणी आहेत ना इथे?"

"आहेत की. उद्या सकाळी साडेसातला. नाव घालू का?"

तिने आधी मुलीकडे पाहिलं. "घाला. दोघींचं."

मला वाटलं, कुणीतरी ओळखीच्याने सांगितलं असेल. साहेबांची कीर्ती तशी पसरलेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मलाही त्या फेरीला पाठवलं, फोटो काढायला. थंडी चांगलीच होती, पाण्यावर धुकं होतं. ठाण्याची दोन जोडपी, मीनल, सई आणि मी. साहेब मान खाली घालून सायकलींची हवा बघत होते. मग त्यांनी कागद काढला आणि नावं पुकारायला लागले. चौघं हजर झाले. पाचव्या नावाला ते थांबले. कागद जरा लांब धरला, परत जवळ आणला.

"मीनल," ते म्हणाले. आडनाव वाचलं नाही.

"हजर."

साहेबांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी कागदाची घडी केली, ती खिशात ठेवली आणि सईकडे वळून म्हणाले, "तुमची सीट उंच हाय. खाली घेऊ."

त्यांनी सीट खाली घेतली. मग वर घेतली. मग परत खाली. नट आवळायचा पाना हातातून दोनदा पडला. सई म्हणाली, "आजोबा, आता बरोबर आहे." मग कुठे ते उठले.

त्या दिवशी कॉशन ऑर्डर वाचायची राहिली. ते माझ्या लक्षात आलं.

निघालो. ठाणेकर पुढे, मग मीनल, मग सई, त्यांच्या मागे मी, आणि सगळ्यांच्या मागे साहेब. बराच वेळ टायरखालच्या खडीचाच काय तो आवाज. एरवी साहेब मागून सतत सूचना द्यायचे, गिअर बदला, डावीकडून चाला. आज एक शब्द नाही. मी दोनदा मागे वळून पाहिलं. ते पुढे बघत होते, पण रस्त्याकडे नाही. पुढच्या दोन पाठींकडे.

मोरीवर सई पडली. वेग फारसा नव्हताच, पण खडीवर पुढचं चाक सरकलं आणि ती गुडघ्यावर आली. साहेबांची शिट्टी वाजली नाही. ते सायकल तशीच टाकून धावले. या वयाचा माणूस तसा धावताना मी पाहिला नव्हता. ठाणेकरांना काही कळलंच नाही, ते वळणाआड गेले.

गुडघा खरचटला होता, रक्त थोडंच. सई मात्र जोरात रडत होती. साहेबांनी प्रथमोपचाराचा डबा उघडला, औषधाची बाटली काढली. तिचं झाकण काही त्यांना उघडेना. मीनल शेजारी येऊन गुडघ्यावर बसली. हात पुढे केला.

"द्या."

त्यांनी दिली. तिने जखम पुसली, पट्टी लावली. सईचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग मुलं जशी मध्येच काहीही विचारतात, तसं तिने साहेबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही सगळ्यांच्या मागे का असता?"

"मागून सगळे दिसतात, बाळा."

मीनल बाटलीचं झाकण लावत होती. वर न बघता ती म्हणाली, "सगळे नाही दिसत, बाबा."

मी तिथून निघायला हवं होतं. पण सायकल उचलली असती तर तिचाही आवाज झाला असता. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

"कुणाचे बाबा?" सईने विचारलं.

"माझे," मीनल म्हणाली.

साहेब मोरीच्या कठड्यावर बसले. मग बोलले, ते सईला की मीनलला, सांगता येत नाही. "तुझी आई आजारी होती तवा माझी रजा शिल्लक होती. लय होती. लोकं म्हणायचे, गार्डला रजा मिळत नाय, बिचारा काय करणार. मी कुणाला खरं सांगितलं नाय. मी ड्युटी मागून घ्यायचो."

"माहीत आहे मला."

त्यांनी मान वर केली.

"मी तुमच्या ऑफिसात गेले होते," ती म्हणाली. "आईचा शेवटचा आठवडा होता. म्हटलं, हात जोडते पण बाबांना सोडा. तिथले साहेब माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, पोरी, आम्हीच तर घरी जा म्हणून त्यांच्या मागे लागलोय."

"भीती वाटायची गं," साहेब म्हणाले. "तिच्याकडं बघवायचं नाय. मालगाडीच्या मागच्या डब्यात कुणी नसतं. दिवा हलत राहतो. तिथं कुणी काय विचारत नाय."

"मलाही भीती वाटायची, बाबा. मी बावीस वर्षांची होते. एकटी होते."

साहेब चूक झाली म्हणाले नाहीत, माफ कर म्हणाले नाहीत. नुसती मान हलवली, दोनतीनदा, एखादा हिशोब बरोबर आहे असं कबूल करावं तशी. सई आईच्या कुशीत शिरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"मी काही सगळं मिटवायला आलेले नाही," मीनल म्हणाली. "अजून राग आहे मला. दोन वर्षांपूर्वी कळलं तुम्ही इथे असता. दोन वर्षं ठरवत होते. ही विचारायला लागली, सगळ्यांना दोन आजोबा असतात, माझा एकच का. म्हणून आणलं."

"बरं केलंस," साहेब म्हणाले. "लय बरं केलंस."

परतीला सई सायकलवर बसायला तयार नव्हती. तिची सायकल मी हातात घेतली, माझी मोरीशी ठेवली. साहेब आपली सायकल ढकलत निघाले, सई त्यांच्या आणि आईच्या मधे, लंगडत, गरजेपेक्षा जरा जास्तच. फाटकाशी मॅनेजर घामाघूम होऊन उभा. ठाणेकर केव्हाच पोचले होते आणि चार वर्षांत पहिल्यांदाच गार्डसाहेब गाडीबरोबर नव्हते. त्याला वाटलं होतं, कुणीतरी पाण्यात पडलं. त्याने तोंड उघडलं, पण साहेबांचा चेहरा पाहून मिटलं.

नाश्त्याची वेळ झाली होती. पाण्याकडेच्या ओसरीत मायलेकी एका टेबलाशी बसल्या. मीनलच्या शेजारच्या खुर्चीवर सईचा स्वेटर टाकलेला होता. आमच्याकडे कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांबरोबर बसायचं नाही, असा नियम आहे. साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी, चहाच्या भांड्याजवळ उभे होते. मी आत गेले तेव्हा त्यांच्या हातात रिकामा कप होता.

"मॅडम, एक काम करता का?" ते हळू आवाजात म्हणाले. "तिला विचारा ना, साखर किती लागते. लहानपणी दोन चमचे घ्यायची. आता काय घेती, मला माहीत नाय."

मी बाहेर जाऊन विचारलं. मीनलने आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं.

"त्यांना म्हणावं, तुम्हीच येऊन विचारा."

मी तसंच सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला, नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले, शर्ट पँटीत नीट खोचला आणि ओसरीवर गेले. मॅनेजर काउंटरवरून बघत होता. मी त्याला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

ते टेबलाजवळ जाऊन उभे राहिले.

"साखर किती?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या खुर्चीवरचा सईचा स्वेटर मीनलने उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.