नाव येईपर्यंत कोणी उठू नका

त्या रविवारी सकाळी टीव्हीवाल्यांच्या घरी माणसं जमली होती ती कार्यक्रम बघायला नव्हे, एक नाव वाचायला. तशी ताकीदच आईने सगळ्यांना देऊन ठेवली होती. "मधे कितीही कंटाळा आला तरी चालेल, पण नाव येईपर्यंत कोणी उठायचं नाही. चहा मिळेल, पण नंतर."

टीव्हीवाले म्हणजे तिचा मुलगा. सगळी हयात एका वाहिनीत काढलेला माणूस. बिल्डिंगमध्ये त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नसे. महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते. आजवर त्यांनी ढीगभर कार्यक्रम केले आणि प्रत्येकाच्या शेवटी त्यांचं नाव आलं. पण ते असं यायचं की आलं म्हणेपर्यंत गेलेलं असायचं. आई एकेक अक्षर लावून वाचणारी. पहिलं अक्षर तिच्या हाती लागतंय न लागतंय तोच साबणाची जाहिरात सुरू व्हायची. "तुझं नाव येतं म्हणतोस, मला मेला साबणच दिसतो," असं ती कित्येक वर्षं म्हणत आली होती आणि त्यात चेष्टेचा भाग मुळीच नव्हता. आपल्या मुलाने एवढी वर्षं काय केलं, हे डोळे मिटायच्या आत तिला स्वतः वाचायचं होतं.

म्हणून वाहिनीच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा खास कार्यक्रम टीव्हीवाल्यांकडे आला तेव्हा त्यांनी संचालकांकडे एकच हट्ट धरला. शेवटी माझं नाव एकट्याचं, मोठ्या अक्षरांत, न हलता दिसलं पाहिजे.

"किती वेळ?" संचालकांनी विचारलं.

"म्हातारं माणूस वाचेल इतका वेळ."

संचालकांनी त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. पण निघालेल्या माणसाशी वाद कोण घालतो? त्यांनी मान डोलावली.

तर असा तो कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या खुर्चीत आई, डोळ्यांवर नवा चष्मा. तिच्या शेजारी खालचे मास्तर, शाळेतून कधीच निवृत्त झालेले, पण सवयीने ताठ बसणारे. सोफ्यावर वरच्या मजल्यावरच्या काकू. टीव्हीवाल्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात, एक कान गॅसकडे. पडद्यावर जुन्या मालिका, जुन्या बातम्या, जुने चेहरे येऊ लागले आणि प्रेक्षकांनी लगेच हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"ही गेली ना हो?" काकूंनी विचारलं.

"छे! परवाच बँकेत माझ्यापुढे उभी होती," मास्तर म्हणाले.

"अगंबाई! म्हणजे मी इतके दिवस उगाच वाईट वाटून घेतलं."

"आणि हा बातम्या देणारा बघा. याला टोप होता म्हणतात."

"म्हणतात कशाला, होताच," टीव्हीवाले म्हणाले. "एकदा पंख्याच्या वाऱ्याने सरकला. तेव्हापासून बातम्यांच्या वेळी पंखा बंद. आम्ही सगळे घामाने निथळायचो, पण टोपाची अब्रू सांभाळली."

हे सगळं ते हसत सांगत होते, पण लक्ष सगळं पुढे होतं. शेवटचा भाग म्हणजे त्यांच्या काळजाचा तुकडा. जे सोबती आता राहिले नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी काही क्षण पडदा पूर्ण काळा ठेवला होता. चित्र नाही, आवाज नाही. त्यानंतर अध्यक्षांचं मनोगत आणि त्यानंतर नाव. संचालकांनी दहा वेळा विचारलं होतं, "निदान एखादी समई तरी दाखवू या का?" टीव्हीवाल्यांनी बाणेदारपणे नकार दिला होता.

"आता काळोख होईल," ते हळूच म्हणाले. "मौन आहे. कोणी बोलू नका."

पडदा काळा झाला. मास्तर उठून उभे राहिले. काकूंनी तिरक्या नजरेने पंख्याकडे पाहून घेतलं. तो फिरत होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती. टीव्हीवाल्यांनी मान खाली घातली.

आणि बासरी वाजू लागली. पडद्यावर निळ्या रंगात एका बाजूला कललेली फुलदाणी उगवली, तिच्यात तीन पिवळी फुलं आणि खाली अक्षरं: 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. पूर्वी कार्यक्रम मधेच बंद पडला की हीच पाटी दिसायची.

"अय्या!" काकू किंचाळल्या. "आपली पाटी!"

"बसा खाली," मास्तर म्हणाले आणि आपण उभे आहोत हे लक्षात आल्यावर स्वतःच बसले. "काय कल्पना आहे! वा! अहो, माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते या पाटीमुळे. तोवर ते टीव्हीच बघत होते. पाटी आली, म्हणून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, बोला, काय करता?"

"मी तर पाटी आली की कुकर लावून यायचे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "माझी पोरं तेवढ्यात हात धुऊन यायची. सगळं घर या पाटीवर चालायचं हो. आता मेल्या मालिका थांबतच नाहीत, माणसाने कामं करायची कधी?"

टीव्हीवाल्यांना पाटीकडे बघवेना. ते फोन घेऊन गॅलरीत धावले.

"इंजिनिअर, ती पाटी काढा आधी!"

"घाबरू नका साहेब," वाहिनीच्या नियंत्रण कक्षातून ड्यूटीवरच्या इंजिनिअरचा आवाज आला. "पडदा काळा पडला होता. पण मी आहे ना इथे! डोळ्याचं पातं लवायच्या आत पाटी टाकली आणि कार्यक्रम थांबवला."

"अहो, पडला नव्हता! मी पाडला होता! मौन होतं ते!"

पलीकडे खरंखुरं मौन पसरलं.

"मौन काळं असतं होय?" इंजिनिअर शेवटी म्हणाला. "मला कोणी बोललं नाही, साहेब. माझी सगळी नोकरी यात गेली. काळं दिसलं की पाटी. बायकोने रात्री दिवा घालवला तरी माझा हात उशाशी बटण शोधतो."

यात त्याची चूक नव्हती. काळा पडदा प्रेक्षकाला दिसता कामा नये, हा त्या कक्षातला पहिला आणि शेवटचा नियम. मौनाची ही खबर टीव्हीवाल्यांनी संचालकांना दिली, अध्यक्षांना दिली, बिल्डिंगमध्ये दिली. ज्याचा हात बटणावर होता, तो तेवढा राहून गेला.

"बरं, आता जिथे थांबवलं तिथून सुरू करा. लवकर!"

इंजिनिअर आज्ञाधारक होता. जिथे थांबवलं होतं तिथूनच त्याने सुरू केलं. थांबवलं होतं ते काळोखात. पडदा पुन्हा काळा झाला. आतून बासरी ऐकू आली आणि त्यामागून काकूंच्या टाळ्या.

"अहो!"

"हात गेला, साहेब!"

"दोन्ही हात खिशात घाला!"

"मग सुरू कशाने करू?"

शेवटी हात बाहेर ठेवून डोळे मिटायचे असं ठरलं, पण त्याला फार उशीर झाला होता. बातम्यांची वेळ झाली, आणि बातम्या कोणासाठी थांबत नाहीत. अध्यक्षांचं मनोगत गेलं. नावही गेलं.

टीव्हीवाले आत आले. आई अजून चष्मा सावरून पडद्याकडे बघत होती.

"आलं का रे?"

"नाही, आई."

"साबण?"

"नाही. बातम्या."

आईने चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी मिटली. एखादी शिवी हासडली असती तरी बरं झालं असतं, असं टीव्हीवाल्यांना वाटलं. बायकोने न सांगता चहा टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. संचालक होते. "अध्यक्षसाहेबांचं मनोगत कुठे आहे? उद्या सकाळी आधी माझ्या खोलीत यायचं. निवृत्त होताय म्हणून काय वाटेल ते?" फोन बंद.

चहा गाळून होतो न होतो तोच पुन्हा फोन. पुन्हा संचालक, पण आवाज पार बदललेला.

"अहो, तुम्ही थोर आहात! इथे फोन थांबत नाहीयेत. सगळे पाटीबद्दल बोलताहेत, बाकी कार्यक्रमाचं नावसुद्धा कोणी काढत नाही. एक आजोबा रडत होते. म्हणाले, पाटी दिसली आणि वाटलं, आतून आमची ही विचारेल, आलं का हो परत? ती जाऊन किती वर्षं झाली म्हणे. एका बाईंनी तर विचारलं, पाटी रोज दाखवाल का, कार्यक्रम नसला तरी चालेल."

"साहेब, ती चूक होती."

"हा विनय पुरे! अध्यक्षसाहेब स्वतः रडले. आपलं मनोगत राहिलं हे त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. संध्याकाळी पुन्हा दाखवतोय. पाटी दुप्पट वेळ."

टीव्हीवाल्यांच्या जिवात जीव आला. "आणि शेवटी माझं नाव?"

"आता वेळ कुठला उरतो हो? साहेबांचं मनोगत घ्यायलाच हवं. बरं, एक सांगा. ती पाटी मुळात रंगवली कोणी? त्या माणसाला शोधा, त्याचा जाहीर सत्कार करायचा आहे."

"मीच रंगवली होती, साहेब. नोकरीला लागलो तेव्हा."

पलीकडून एक सुस्कारा आला. "अहो, कल्पना तुमची, धाडस तुमचं, आता पाटीही तुमचीच? थोडं श्रेय दुसऱ्यालाही मिळू द्या की. जाताना माणसाने मन मोठं करावं."

फोन ठेवून टीव्हीवाले वळले. खोलीत सगळे कप हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. बायको म्हणाली, "अहो, खरंच तुम्ही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ते आईसमोर येऊन स्टुलावर बसले. "आई, मला आधी बोर्ड रंगवायला घेतलं होतं. तुला वाटायचं मी लागल्यापासून साहेब आहे. खोटं होतं ते. पहिल्याच महिन्यात म्हणाले, घाईत एक पाटी करून दे, नंतर चांगली करू. फुलदाणी तिरकी झाली. नंतर कोणी बदललीच नाही. मला लाज वाटायची, म्हणून घरी बोललो नाही."

"अहो, लाज कसली!" काकू म्हणाल्या. "तिरकी होती म्हणून तर आपली वाटायची."

मास्तर पुन्हा उभे राहिले. आई मात्र टक लावून मुलाकडे बघत होती.

"ती पाटी तुझी?"

"हो."

"अरे देवा," आई म्हणाली. "ती आली रे आली की मी काय म्हणायचे, ठाऊक आहे? ज्याने ही मेली रंगवली त्याचे हात झडोत. दर वेळी म्हणायचे. अगदी मनापासून."

आईने मुलाचे दोन्ही हात ओढून घेतले, पुन्हा चष्मा लावला आणि ते उलटेपालटे करून एकेक बोट नीट पाहिलं.

"पाटीवर नाव नव्हतं ना घातलंस?"

"नाही, आई."

"बरं केलंस, बाळा," हात न सोडता आई म्हणाली. "नाव वाचलं असतं, तर माझी शिवी नेमकी तुलाच लागली असती."