लेखक म्हणतो की आई?

इनामदार सरांच्या वर्गात शिरताना आपलं पेन दारातल्या स्टीलच्या डब्यात टाकावं लागायचं. हातात पेन असलं की मुलं ओळीखाली रेघा मारत सुटतात आणि सगळं पान रंगलं की त्यांना वाटतं वाचून झालं, असं सरांचं ठाम मत होतं. बसवनगुडीतल्या आमच्या कॉलेजात ते बी.ए.ला राज्यशास्त्र शिकवत. मूळचे धारवाडचे, त्यामुळे मराठीत दर चार शब्दांनी ‘जरा’च्या जागी एक कानडी ‘स्वल्प’ यायचा.

सरांनी दिलेला लेख वाचून झाला की व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावायचा. ज्याने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशा माणसाला लेखकाचं म्हणणं सांगायचं. त्याला कळलं तरच आपल्याला कळलं. व्हाइटफील्डहून येणाऱ्या एका मुलीच्या घरी असं कुणी सापडेना, म्हणून ती सोसायटीच्या वॉचमनला सांगायची. तो बिचारा ‘सरी मॅडम’ म्हणत सगळ्याच लेखकांना मान्यता देऊन टाकायचा.

मी निपाणीचा, मराठी माध्यमातला. इंग्रजी लेखाचं एक पान मला तासभर पुरायचं. माझी आई मात्र वॉचमनसारखी ऐकून घेणारी नव्हती. पंचायतीत बायका निवडून आल्या की कारभार बदलतो, असं लेखक म्हणतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “आणि सहीला कोण जातंय? नवराच की.”

मला ते इतकं पटलं की मी निबंधात घालून टाकलं. निबंध परत आला. समासात सरांनी लिहिलं होतं, ‘हे लेखक म्हणतो की आई?’ मी पुन्हा लिहिला, पुन्हा परत. आईचं म्हणणं सरांना आवडलं होतं, पण आधी लेखकाला त्याचं बोलू द्या, मग आईला वेगळ्या परिच्छेदात उभं करा, एवढाच त्यांचा हट्ट होता. मला ते काही केल्या जमेना. तिसऱ्यांदा परत आल्यावर मी कॉलेज सोडायचं ठरवलं, रविवारच्या निपाणीच्या गाडीचं तिकीट काढलं आणि सांगायला सरांच्या चामराजपेटच्या घरी गेलो.

सर एकटेच राहत. त्यांनी ऐकून घेतलं, कॉफी दिली आणि कपाटातून एक जुना निबंध काढला. त्यांचा स्वतःचा, पहिल्या वर्षाचा. आठ पानं, समास कोरे, शेवटी फक्त ‘नापास’.

“चाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “कुठं चुकलं ते कुणी सांगितलं नाही. मलाही सापडत नाही. स्वल्प बघतोस?”

मला वाटलं माझी समजूत काढतायत. पण ते खरंच खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे. मी वाचायला बसलो. पहिल्या पानावर लेखक सांगत होता की सत्ता राजधानीत एकवटलेली बरी. तिसऱ्या पानावर तोच लेखक गावचा कारभार गावानंच बघावा म्हणून तावातावाने भांडत होता. मी ते पान तीनदा वाचलं.

“सर, हे लेखकाचं नाही. इथं दुसरंच कुणीतरी बोलतंय.”

त्यांनी पान हातात घेतलं. पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

“आमचे अप्पा,” ते म्हणाले. “विड्याच्या पानांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी रोज हाच वाद घालायचे.” मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

आज मी जे काही वाचतो-लिहितो ते या माणसाचं देणं आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगायचं माझं धाडस अजून झालेलं नाही. त्या दिवशीही मी नुसता उठून निघालो. ते दारापर्यंत आले.

“तिकीट रद्द कर,” ते म्हणाले. “तुला वाचता येतं.”