भिमाजीच्या घरची बीज

भिमाजीने घरातली सगळ्यात मोठी खोली पेरायला काढली, तेव्हा त्याच्या बायकोने, कस्तुराबाईंनी, एवढंच विचारलं, "नांगर कुटनं आननार, खिडकीतनं?"

नांगर लागणार नव्हता. पुण्याच्या शेतकी साहेबांनी दाखवल्याप्रमाणे भाताचा पेंढा भिजवायचा, त्याचे खाटेएवढे थर रचायचे, थराथरात बाटलीतलं अळंबीचं बीज पेरायचं आणि खोली बंद. खिडक्यांना ओली पोती, भिंतीला उष्णता मोजायची काचेची नळी. पावसाळ्यात माळावर फुकट उगवणारी अळंबी ऐन फाल्गुनात घरात काढून लोणावळ्याच्या हॉटेलांत पोचवायची, असा बेत होता. याआधीचा त्याचा बेत मधमाश्यांचा. त्या दुसऱ्याच दिवशी उडून गेल्या आणि जाता जाता कस्तुराबाईंना चावून गेल्या.

"ह्या टायमाला न्हाई उगवलं," त्या म्हणाल्या, "तर खोली माजी. पुन्यांदा घरात शेती न्हाई. घ्या देवाची आन."

भिमाजीने आण घेतली. आठवडा गेला. पारा वर चढेना, पेंढ्यात काही दिसेना. एवढ्यात साहेबांचं कार्ड आलं, शुक्रवारी येऊन बीज बघतो. भिमाजी ते वाचत असतानाच वीणेकरी गेणूभाऊ काठी टेकत आले. गुडघे धरल्यामुळे यंदा त्यांचं देहूला जाणं होणार नव्हतं, म्हणून चेहरा उतरलेला.

"कसलं कार्ड रं, भिमा?"

"शुक्रवारी आमच्यात बीज हाय, भाऊ. पुन्याचं सायेब यायचं हायत."

गेणूभाऊंचा चेहरा उजळला. "आरं, मग आदी सांगायचं. ह्याच खोलीत?"

"हितंच. पर चपला भाईर, हातपाय धुवायचं, मगच आत."

"त्ये तर हायेच. किती वाजता?"

"बाराला."

"बाराच की. दुसरं कवा असनार? आन खाली काय?"

"पेंढा. चांगला गुडघाभर."

"गुडघ्यांची लय काळजी केलीस बाबा," म्हणत गेणूभाऊ आल्यापेक्षा दुप्पट वेगाने गेले.

शुक्रवारी तुकोबांची बीज आहे, हे अळंबीच्या नादात भिमाजी साफ विसरला होता.

शुक्रवारी बेगडेवाडी स्टेशनवरून साहेबांना सायकलवर डबलसीट घेऊन तो आपल्या आंबी गावात शिरला, तर टाळ-पखवाज ऐकू आले. आवाज त्याच्याच घरातून येत होता. अंगणात चपलांच्या रांगा.

"शिस्त उत्तम आहे," साहेब म्हणाले.

आत सगळी आंबी बसली होती. म्हणजे ज्यांचे गुडघे, कंबरा आणि डोळे देहूपर्यंत पोचत नव्हते, ती सगळी. अंधार, ऊब, पोत्यांचा ओलावा, आणि पेंढ्याच्या थरांवर म्हातारी मंडळी ऐसपैस. मधल्या थरावर एकट्या धोंडाबाई, कारण तिथे दुसऱ्याला जागाच उरली नव्हती. शिदूबुवांचं कीर्तन अगदी वैकुंठगमनाला आलेलं. बुवांनी हात वर केले, बाराचा ठोका धरून फुलं उधळली गेली, सगळे रडत उठले, नामाचा गजर झाला आणि सगळे धपकन खाली बसले. असं पाच वेळा.

भिमाजीच्या डोळ्यांतही पाणी आलं. त्याची भक्ती बघून गेणूभाऊंनी त्याला बुक्का लावला.

दारात कस्तुराबाई प्रसादाची परात घेऊन उभ्या होत्या. "येवडं ठरवलंत, आन मला कळू बी दिलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. मधमाश्यांनंतर त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याकडे असं मायेने बघितलं. आता खरं सांगायची सोयच उरली नाही.

मंडळी गेल्यावर साहेबांनी थर चाचपले. "पेंढा तुम्ही आधी तुडवला नव्हता?"

"बीजाला लागंल म्हनून हलक्या हातानं ठिवला, सायेब."

"अहो, घट्ट दाबल्याशिवाय आत ऊब धरत नाही. म्हणून तर आठवडाभर अडलं होतं." त्यांनी नळीकडे बघितलं. पारा पस्तिसावर. "आता कसं, पाहिजे तसं झालंय. कुणी दाबला?"

"गावानं," भिमाजी म्हणाला.

पाचव्या दिवशी पेंढ्यातून अंड्याएवढी डोकी वर आली. कडेच्या थरांवर तुरळक, मधल्यावर मात्र बोट ठेवायला जागा नाही. धोंडाबाई मुद्दाम बघायला आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजी ही माजी बैठक."

लोणावळ्याला अळंबीची भरलेली पाटी गेली. कस्तुराबाईंनी भिमाजीला आणेतून सोडवलं, पण एका अटीवर: दर पेऱ्याला कीर्तन.

महिन्याभराने भिमाजी आपण होऊन गेणूभाऊंच्या दारात उभा राहिला.

"भाऊ, एकादशीला आमच्यात कीर्तन हाय. समद्यांना घिऊन या."

"येतो की. धोंडाबाईला सांगू?"

"त्यास्नी तर आदी सांगा," भिमाजी म्हणाला, "आन म्हनावं, ह्या टायमाला जरा खिडकीच्या अंगाला बसा. तितं उगवत न्हाई."