गणपतरावांच्या हातचे नाचोज

“पप्पा, या खेपेला रस्सा नको हं,” संयोगितानं पुण्याहून फोनवर सांगितलं, आणि गणपतरावांना वाटलं, लाइनच खराब असावी.

“काय नको?”

“रस्सा. धैर्यशील म्हणतोय, रविवारी शेतात मस्त कॅम्पफायर करू आणि त्यावर नाचोज करू. सामान सगळं तोच आणणार आहे. तुम्ही फक्त बसायचं.”

गणपतरावांनी फोन ठेवला तो आपटूनच. लग्नानंतर जावई पहिल्यांदा शेतावर येतो, तोही कोल्हापुरात, आणि म्हणतो रस्सा नको! गल्लीतल्या तालमीचं वर्षाचं जेवण असो नाहीतर कुणाच्या घरचा गोंधळ, रश्श्याच्या हंड्यापाशी पळी घेऊन उभे राहायचे ते गणपतरावच. त्यांचा नियम एकच होता. हंड्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मीठ बरोबर आहे का, असं विचारलेलंही त्यांना खपत नसे.

“नाचोज म्हंजे काय असतंय गं?” त्यांनी बायकोला विचारलं.

शालनताईंनी मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. “तिकोनी पापड हायत बघा मक्याचं. वरनं चीज घालत्यात.”

“पापड? जावयाला पापड घालू मी? आणि गल्लीत त्वांड कुठं लपवू?”

तोंड लपवायला वेळही मिळाला नाही. संध्याकाळी शेजारचे लालासाब टेलर दारात हजर झाले. हंड्यापाशी कांदा चिरायचं काम वर्षानुवर्षं लालासाबकडं होतं, आणि पळी कधीतरी आपल्या हातात यावी ही त्यांची इच्छा गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती.

“गणपतराव, ऐकलं ते खरं हाय व्हय? जावई रस्सा नको म्हणतोय?” लालासाबनी फार काळजीनं विचारलं. “पोरीच्या लग्नात तुमचाच रस्सा व्हता न्हवं? त्येला उचकी लागलेली. मला वाटलंच हुतं.”

“काय वाटलं हुतं तुमास्नी?”

“काय न्हाय. तालमीचं जेवण ह्यो आयतवार सोडून पुढच्याच आयतवारी हाय, म्हणून म्हटलं. मी बी येतो शेताकडं. बघू की काय असतंय ते.”

गणपतरावांना सगळा डाव कळला. सख्ख्या जावयालाच यांचा रस्सा नको, ही बातमी तालमीत गेली की पळी गेलीच म्हणायची. त्या रागात त्यांनी रविवारी दुपारी घरीच तांबडा रस्सा करून किटलीत भरला. “त्येनी खाऊ दे पापड. आमी का उपाशी मरायचं?” ते म्हणाले. शालनताईंनी किटली भाकऱ्यांच्या पिशवीत ठेवली.

शेतावर धैर्यशीलनं आल्याआल्या घडीची खुर्ची उघडली आणि सासऱ्यांना तीवर बसवलं. जाळापाशी खुर्चीत बसायची वेळ गणपतरावांवर जन्मात पहिल्यांदा आली होती. जावयानं लाकडं एकमेकांना टेकवून उभी रचली, मध्ये कागद कोंबला आणि काडी ओढली. सगळा धूर सरळ खुर्चीकडं आला.

“जावईबापू, आदी तीन दगड लावा. वारं कुठनं हाय बघा,” गणपतराव डोळे पुसत म्हणाले.

“पप्पा, ही चूल नाही. कॅम्पफायर आहे.”

“जाळ त्योच की! त्येला इंग्रजी कळतंय व्हय?”

“आवो, गप बसा,” शालनताई पदराआडून म्हणाल्या.

धैर्यशीलनं लोखंडी जाळी मांडली, तीवर कढई ठेवली आणि कढईत ते तिकोनी पापड पसरले. त्यावर डबा फोडून राजमा ओतला. डब्यातला राजमा! गणपतरावांनी लालासाबकडं पाहिलं. लालासाब मात्र कौतुकानं मान डोलवत होते. “झ्याक हाय. शिजवायचं बी काम न्हाय,” ते म्हणाले. वरून किसलेलं चीज पडलं आणि सगळे वाट बघत बसले.

चीज काही वितळेना. खालून पापड करपल्याचा वास यायला लागला आणि वर चीज होतं तसंच पांढरं.

“व्हिडिओत तर लगेच वितळलं होतं,” धैर्यशीलनं मोबाइल काढला. “इथं रेंजच नाही.”

“बांधावर येते रेंज,” संयोगिता म्हणाली. दोघंही तिकडं निघाले. जाता जाता जावयानं मागं वळून सांगितलं, “पप्पा, नुसतं लक्ष ठेवा हं. हात लावू नका.”

हात लावू नका! गणपतराव खुर्चीतून ताडकन उठले. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं, आणि आज कालचं पोर त्यांच्याच शेतात त्यांनाच ऐकवून गेलं होतं.

“झाकणच न्हाय त्येला!” ते ओरडले. “वरनं वाफ नको? वितळंल कसं मग?”

“बरोबर हाय तुमचं,” लालासाब म्हणाले.

एवढं पुरलं. गणपतरावांनी आधी जाळ कमी केला, भाकऱ्यांसाठी आणलेली परात कढईवर उपडी न घालता नीट सुलटी ठेवली आणि परातीत तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याशिवाय झाकण ठेवणं त्यांना माहीतच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी फडक्यानं परातीची कड उचलून आत डोकावून पाहिलं. चीज लोण्यासारखं पसरलं होतं.

“बघा! हात लावू नका म्हणं!”

त्यांना इतका आनंद झाला, की पुढचं हातानं आपोआप केलं. परातीतलं पाणी चांगलं तापलं होतं. मटण शिजताना झाकणावरचं तापलेलं पाणी मटणातच घालायचं असतं, थंड पाणी घातलं तर रस्सा बिघडतो. आजवर शेकडो हंड्यांवर त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी परात उचलली, तिरकी केली आणि सगळं पाणी कढईत ओतून टाकलं.

“गणपतराव,” लालासाब हळूच म्हणाले, “मटन न्हाय ते.”

कढईत पापड तरंगत होते. शालनताईंनी कपाळाला हात लावला. बांधावरून दोघं परत येताना दिसत होते, आणि गणपतरावांचं डोकं कधी नव्हे ते रिकामं पडलं होतं. मग त्यांची नजर पिशवीतल्या किटलीवर गेली. त्यांनी जाळ मोठा केला, कढईतलं पाणी निथळून टाकलं, अख्खी किटली कढईत उपडी केली, पिशवीतला कांदा बुक्कीनं फोडून टाकला आणि वर लिंबू पिळलं. पापड रश्श्यात कुस्करलेल्या भाकरीसारखे मऊ झाले.

“पप्पा, हे काय झालं?” धैर्यशील कढईत बघत राहिला.

“वितळलं,” गणपतराव म्हणाले.

जावयानं भीतभीत एक घास घेतला. मग दुसरा घेतला. नाकातून पाणी आलं, कान लाल झाले, पण चमचा काही थांबेना. त्यानं कढई तळापर्यंत खरवडली.

“संयोगिता, मी म्हणत नव्हतो?” तो सुस्कारत म्हणाला. “उगाच तुम्ही लोक रस्सा रस्सा करता. रश्श्याशिवायही किती भारी जेवण होतं बघ! असले नाचोज मी पुण्यातसुद्धा खाल्ले नाहीत. पप्पा, मानलं तुम्हाला.”

गणपतरावांच्या मस्तकात तिडीक गेली. रश्श्याशिवाय? हा गडी सबंध किटली पिऊन बसला होता! खरं काय ते तोंडावर फेकायला त्यांनी तोंड उघडलं.

“सांगा की,” लालासाब त्यांच्या कानाशी लागले. “पानी वतलं ते बी सांगा. मी हायच साक्षीला.”

गणपतरावांनी उघडलेलं तोंड मिटलं.

धैर्यशीलनं बांधावर जाऊन फोटो टाकला. त्याखाली लिहिलं, ‘सासरेबुवांच्या हातचे नाचोज. जगात भारी!’ मंडळी घरी पोचायच्या आत तो फोटो गल्लीत फिरला होता. दुसऱ्या दिवशी तालमीचे केरबा वस्ताद स्वतः घरी आले.

“गणपतराव, पोरं हटून बसल्यात. औंदा जेवणाला तुमचं नाचोज पायजेत. रश्श्याची काळजी करू नका, लालासाब बघत्यात. त्येनीच म्हणालं, दोन्ही कामांचा बोजा तुमच्यावर नको.”

“बोजा?” गणपतराव कडाडले. “रश्श्याचा बोजा? मला?”

“मनाचा मोठेपणा हाय बघा लालासाबचा,” वस्ताद म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

पुढच्या रविवारी तालमीच्या मैदानात गणपतराव कढई मांडून उभे राहिले. पोरांनी आधीच गर्दी केली होती. त्यांनी पापड पसरले, चीज घातलं, वर झाकण ठेवलं आणि पाणी मात्र कुठंही ओतलं नाही. पहिल्या पोरानं चावून तोंड वाकडं केलं. “काका, फोटोतलं असलं न्हवतं. कोरडं ठक्क हाय हे.”

पोराचं चुकत नव्हतं. गणपतरावांनी पातेलं उचललं, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि हंड्यातल्या पळीला हात घातला.

“हां!” वाफेतून लालासाबचा आवाज आला. “हंड्याला हात न्हाय लावायचा. किती रस्सा पायजे सांगा, मी घालतो.”

“लालासाब, मला सांगताय तुमी? मला?”

“नियम हाय,” लालासाबनी पळी काढून घेतली. “आणि गणपतराव, लाइनीनं या.”

मागून माणसं खोळंबली होती. गणपतराव दात-ओठ खात रांगेच्या शेवटी जाऊन पातेलं धरून उभे राहिले.