पारूकाकी आणि माझा लग्नातला ब्लाउज

नवा कपडा घालून पारूकाकीसमोर जायचं म्हणजे पोलिसापुढे उभं राहायचं. ती बरं-वाईट काही बोलायच्या आधी सांगायची, "हात वर कर गं."

दहिवलीतल्या कुठल्याही मुलीची यातून सुटका नव्हती. हात वर झाले की काकी भोवती एक फेरी मारायची, बाही चिमटीत धरून पाहायची. मग वाकायला लावायची, खाली बसवायची, मोठा श्वास घ्यायला सांगायची. कुठे जरा ओढ दिसली, की तिचा निकाल ठरलेला असे. "ह्यो कपडा तुजा नाय. तूच कपड्याची हायस."

बरं, काकी काही शिंपीण नव्हती. कडावच्या शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन आमच्या शेजारी आलेली. घरात नवऱ्याने घेऊन दिलेलं एक शिलाई मशीन, एवढंच तिचं भांडवल. पण लग्नघरात तिचा दरारा असा, की कशेळ्याच्या एका लग्नात तिने ऐन मुहूर्तावर नवरीला गोठ्यात नेऊन बाहीची शिवण उसवली होती. भटजी अंतरपाट धरायला लावून ताटकळत उभे. काकी बाहेर आली आणि त्यांनाच म्हणाली, "आता म्हना सावकाश. पोरगी श्वास घेतेय."

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरलं. सासर खोपोलीचं. सासूबाईंनी डाळिंबी शालू पाठवला, आणि सोबत त्याच कापडाचा ब्लाउज शिवूनही पाठवला. माप माझ्या नणंदेचं. दोघी अंगाने सारख्याच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी घातला. हूक लागले, पण श्वास अर्ध्यावर थांबला.

आई म्हणाली, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, निभावून ने. सासरच्या कपड्याला नाव ठेवलं तर सुरुवातच वाकडी होईल. वडील शाळामास्तर, पण या विषयात त्यांनी आईचीच री ओढली.

मग काकी आली. माझे हात खांद्याच्या वर जाईनात. नवरदेव किती उंच आहेत, असं तिने विचारलं. मी दाराची चौकट दाखवली. काकी "जरा बघते" म्हणून ब्लाउज घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराला कुलूप. एसटी स्टँडवर कुणीतरी तिला खोपोलीच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. ते कळल्यावर आई उंबऱ्यावरच बसली. लग्न मोडलं, हे तिने दुपारपर्यंत मनाशी पक्कं केलं, आणि वडील अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

तिथे काय झालं, ते पुढे मला नणंदेनेच सांगितलं. काकीने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. शालूची तारीफ केली, चहा घेतला, मग नणंदेला तो ब्लाउज घालायला सांगितला आणि हात वर करायला लावले. जिच्या मापाने शिवला, तिच्याच अंगावर तो काखेत टर्रकन उसवला. तेव्हा काकी एवढंच म्हणाली, "तुमचा मुलगा उंच हाय. आमच्या पोरीनं मान ताठ ठेवून माळ घालावी, येवढंच मागनं हाय."

सासूबाईंनी लेकीच्या काखेकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. त्या स्वतः उठून शिंप्याकडे गेल्या आणि उरलेलं कापड मागून आणलं. संध्याकाळी काकी परतली, ती आमच्याकडे न येता सरळ मशीनवर बसली. काखेत चौकोनी तुकडे असे बसवले, की शोधूनही सापडू नयेत.

लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी त्यांना वर उचलायचा चावटपणा केलाच. मी टाचा उंचावून, हात ताणून पहिल्या झटक्यात माळ घातली. मांडवात टाळ्या पडल्या. आदल्या आठवड्यात काकीच्या नावाने बोटं मोडणारी आई येईल-जाईल त्याला सांगत होती, ब्लाउज आमच्या पारूकाकींच्या हातचा.

काकी मात्र मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपापाशी होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. शुभकार्यात ती कधी पुढे येत नसे.

निघण्याआधी मी तिच्या पाया पडायला तिच्या घरी गेले. तिने मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात सांगू लागली.

"माज्या लग्नात चोळी जावेची व्हती, घट्ट. माळ घालायला गेले तर हात वरच जाईना. आमच्या मालकांनी ते बघितलं. बोलले नाय काय, कमरेतून खाली वाकले. सगळा मांडव हसला. पयल्याच दिशी बायकोपुढं वाकला, म्हनून लोकांनी त्यांना जन्मभर चिडवलं. पन का वाकले, ते त्यांनी कदी कोनाला सांगितलं नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहऱ्यावर असा तोरा होता, की जणू काका आत्ता शेजारच्या खोलीत बसलेले असावेत.

बाहेर वऱ्हाडाच्या टेंपोचा हॉर्न वाजला. मी उठले, तशी काकीही उठली. तिने पदर नीट केला, माझा हात धरला आणि मला घेऊन निघाली, कडेकडेने नाही, भरल्या मांडवाच्या मधोमध.