पडद्याकडे पाठ

भोयरकाका सिनेमाला जात आणि पडद्याकडे पाठ करून बसत. टॉकीजमध्ये थर्ड क्लासला तेव्हा खुर्च्या नव्हत्या, लाकडी बाकं होती. पहिल्याच बाकावर काका मांडी घालून उलटे बसायचे, थेट पब्लिककडे तोंड करून. "ओ भाऊ, पडदा तिकडं हाय!" असं कोणी ओरडलंच तर शांतपणे सांगायचे, "मले मालूम हाय गा. तू पाय तुहा सिनेमा."

नागपुरात सक्करदऱ्याला ते आमचे शेजारी. मौद्याकडच्या शेतकरी घरातला हा माणूस एका नाटक कंपनीच्या नादी लागून व्हायोलिन शिकला आणि लग्नाला वर्ष होत नाही तोच ट्रंक उचलून मुंबईला गेला. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात काही वर्षं वाजवलं, मग परत येऊन इथे शिकवण्या धरल्या. त्यांच्यासारखं व्हायोलिन मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आणि त्यांच्याइतका छळवादी शेजारीही पाहिला नाही.

सकाळी रियाजाला बसले की काका दारावर लाल फडकं टांगायचे. स्टुडिओत टेक सुरू होऊन लाल दिवा लागला की कोणी खोकायचंसुद्धा नाही. एक जण खोकला की सगळ्यांची मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. तोच नियम आम्हाला. फडकं दिसलं की दूधवाला हलक्या पावलांनी यायचा आणि माझी आई फोडणी लांबणीवर टाकायची. "टेक चालू हाय बाप्पा!" हे त्यांनी माझ्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, माझ्या मामांना सुनावलं. मामांनी नाकापर्यंत आलेली शिंक गिळली. त्यावरून मामा पुढे बरेच दिवस आमच्याशी धड बोलत नव्हते.

उलटं का बसता, असं मी एकदा विचारलं.

"रेकॉर्डिंगले सिनेमा चालू रायते, पण तो पाहते एकटा कंडक्टर, हातानं ताल देणारा. आमी त्याचा हात पाहतो, पडदा आमच्या पाठीमागं. हिरोईन रडून राहिली का हासून राहिली, आमाले काय मालूम? मंग आता लोकाईचे चेहरे पाहाले नको? आपला सूर कुठं जाऊन लागला ते तिथं दिसते."

काकांचा एकट्याचा असा तुकडा एकाच सिनेमात होता. नवरा ट्रंक घेऊन निघालाय, बायको दाराची चौकट धरून उभी आहे, एवढाच तो सीन. वाजवताना त्यांना हे ठाऊक नव्हतं. नागपूरला सिनेमा लागला तेव्हा त्यांनी तो पाहिला, आणि त्यानंतर त्या सीनकडे कधी मान वळवली नाही. सिनेमा परत लागला की मात्र अख्ख्या गल्लीला घेऊन जायचे. तो तुकडा आला की टॉकीजभर पदर डोळ्यांना लागायचे. काका एकेक चेहरा न्याहाळायचे आणि बाहेर पडताना हळहळायचे, "शेवटचा सूर लांबवाचा होता गा. त्याईनं सीन कापला, कंडक्टरनं हात खाली केला. अर्धाच रायला."

त्यांना हवा असलेला चेहरा त्या गर्दीत कधीच नव्हता. काकू यायच्याच नाहीत. "ज्या सिनेमानं माहा नवरा नेला, त्याचं तोंड मी पाहीन नाई," असं त्या काका मुंबईला गेले त्या दिवशी बोलल्या होत्या. काका परत आले, पण शब्द काही परत घेतला गेला नाही. दर वेळी काका कपडे करून दारात उभे राहायचे. "चाल न वं, एक डाव." भाकरी थापता थापता काकू म्हणायच्या, "तुमी जा जी. तुमाले जाची सवय हाय." मला हसू यायचं आणि काकांचं वाईटही वाटायचं.

मग आमच्याकडे टीव्ही आला आणि एका रविवारी संध्याकाळी नेमका तोच सिनेमा लागला. गल्ली आमच्या बैठकीत लोटली. टीव्हीकडे पाठ करून काका खुर्चीत बसले होते. तेवढ्यात वालाच्या शेंगांचं ताट घेऊन काकू आत आल्या. "मी वयनीकडं बसाले आली. सिनेमा पाहाले नाई," असं आईच्या नावावर जाहीर करून त्या काकांच्या समोरच बसल्या आणि मान खाली घालून शेंगा सोलू लागल्या.

तो सीन आला. आज काका एकच चेहरा बघत होते. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट आवळले होते. व्हायोलिन सुरू झालं आणि काकूंचा हात शेंगेवर थांबला. त्यांनी मान वर केली. पडद्यावरची बाई चौकट धरून उभी होती, ट्रंक घेतलेला माणूस दूर चालला होता. सूर मध्येच तुटेपर्यंत काकू बघत राहिल्या. खोलीत कोणी खोकलं नाही.

"हे तुमी वाजोलं," काकू म्हणाल्या.

"तुले कसं समजलं वं?"

"रोज ऐकून राहिली. तुमचा हात वळखणार नाई का मी?" मग त्यांनी शेंग मोडली. "शेवटी घाई केली तुमी. तवा बी असीच केली होती. मांगं वळून पाहिलंच नाई."

इतकी वर्षं कंडक्टरला बोल लावणारे काका त्याचं नावसुद्धा काढू शकले नाहीत. "चुकलंच माहं," एवढंच म्हणाले.

काकूंनी ताट जरा बाजूला सरकवलं. "मंग आता तरी वळा. या, बसा इकडं."

काका उठले. खुर्ची तिथेच राहिली, ते काकूंच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले, टीव्हीकडे तोंड करून. नेमका तेव्हाच सिनेमा थांबून बातम्या लागल्या. कोणीतरी आवाज कमी करायला उठलं, तर आईने त्याला हातानेच खाली बसवलं. काकांनी ताटातली एक शेंग उचलली, आणि दोघांनी मिळून त्या बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या.